मी डावरी कात्री

मित्रांनो, माझ्या अंगावर गंजाचे ठिपके आहेत म्हणून मला म्हातारी म्हणू नका. जुनी म्हणा, चालेल. मी शिंपीकामाची एक जुनी कात्री आहे आणि माझी जीभ अजून माझ्या पात्यांइतकीच धारदार आहे. गोष्ट सांगण्याआधी एक सांगून ठेवते, मी डावरी आहे. नेहमीच्या कात्रीत जे पातं वर असतं, ते माझ्यात खाली आहे. डाव्या हातात धराल, तर जाडजूड कापडसुद्धा लोण्यासारखं कापीन. उजव्या हातात धराल, तर माझी पाती फाकतात आणि कापड मध्येच दुमडून चावलं जातं. आता यात माझा काय दोष?

मला एका लोहाराने घडवलं, खास एका डावऱ्या शिंपीमास्तरांसाठी. मास्तर भट्टीपाशी ठाण मांडून बसले आणि मला पुन्हा पुन्हा डाव्या हातात घेऊन बघत राहिले. माझ्या मुठीचं कडं अंगठ्याला नीट बसलं, तेव्हाच उठले. मग आम्ही दोघांनी कितीतरी वर्षं कोट, झगे, गणवेश कापले. दुकानात नियम एकच, हिला कागद लावायचा नाही. कागदाने कापडाच्या कात्रीची धार बोथट होते. एका कारागिराने एकदा मला घेऊन टपालाचं पाकीट कापलं, तर मास्तर दिवसभर त्याच्याशी बोलले नाहीत. गिऱ्हाईक म्हणायचं, "काय सुरेख बेतता हो!" तेव्हा मास्तर माझ्याकडे बोट दाखवायचे. तसे लाड पुन्हा कुणी केले नाहीत.

मास्तर थकले, दुकान बंद झालं. त्यांचं शिलाई मशीन एका घरात गेलं आणि मशीनच्या खणात पडलेली मीही त्याच्यासोबत गेले. घरात तिघं. आई, बाबा आणि त्यांची लेक, ती आता चौदा वर्षांची आहे. आई उजव्या हाताची. तिने मला एकदा कापडावर चालवलं, नाक मुरडलं आणि परत खणात टाकलं. तिथे मी बटणं आणि तुटक्या सुयांच्या संगतीत वर्षानुवर्षं पडून राहिले.

लेक मात्र डावरी. लिहायची डाव्या हाताने, चित्रं काढायची डाव्या हाताने. पण कात्री धरायची उजव्या हातात! लहानपणी शाळेतली कात्री तिच्या डाव्या हातात चालेना, म्हणून बाईंनी ती उजव्या हातात दिली. तीच सवय लागली आणि पोरीचं कातरकाम कायम वेडंवाकडं. बाबा पंखे-मिक्सर दुरुस्त करणारे. हात मोठा सफाईदार, पण तोंडाला लगाम नाही. पाहुण्यांसमोर हसत म्हणायचे, "हिच्या हातात कात्री म्हणजे माकडाच्या हाती कोलीत!" सगळे हसायचे. तीही हसायची. आणि मग एक दिवस तिने कातरकाम, शिवणकाम सगळंच सोडून दिलं. का सोडलं, हे बाबांनी कधी विचारलं नाही.

मग एका सुट्टीत तिची मावशी राहायला येणार असं ठरलं. मावशीचा मुलगा अडीच वर्षांचा, गोबरा आणि भलता बडबड्या. त्याला डोळ्यांनी दिसत नाही. ही त्याची लाडकी ताई. तिचा हात एकदा धरला की सोडायचं नाव नाही. लेक बाबांना म्हणाली, "बाबा, आपण त्याला पुस्तक करूया. कापडाचं. बोटांनी बघायचं."

"झकास! चित्रं तू काढ, शिवतो मी," बाबा म्हणाले.

"आणि कापणार मी," ती हळूच म्हणाली. मित्रांनो, हे म्हणायला तिला किती धीर लागला असेल, ते मला खणात बसून कळलं. "बाबा, कडा नीट आल्या पाहिजेत हं. त्याला कडांवरूनच सगळं कळणार. कड चुकली की बदक चुकलं."

घरातली छोटी कात्री पुस्तकासाठी आणलेल्या जाड लोकरी कापडापुढे टेकीला आली, तेव्हा कुठे माझी आठवण झाली. लेकीने मला धरलं, अर्थात उजव्या हातात. झालं! बदकाची चोच चावली गेली, मान तुटली. "बाबा, ही कात्री खराब आहे," ती रडवेली होऊन म्हणाली.

बाबांनी मला आपल्या दुरुस्तीच्या दुकानात नेलं. धार लावली, तेल घातलं, खिळा आवळला. मला दुसऱ्या हातात धरून बघायचं काही त्यांना सुचलं नाही. वर धार तपासायला काय घ्यावं? वर्तमानपत्र! कापडाच्या कात्रीला कागद! मास्तर असते तर काही खरं नव्हतं. पातळ कागद कसाबसा कापला गेला आणि बाबा खूश झाले. घरी येऊन म्हणाले, "कात्री एकदम ठणठणीत आहे. नाचता येईना, अंगण वाकडं!"

अहो, या वेळी अंगण खरोखरच वाकडं होतं! पण मी कुणाला सांगणार? लेकीने मला टेबलावर ठेवलं. "तूच कर सगळं. मला नाहीच येत," म्हणाली आणि आत जाऊन पलंगावर तोंड फिरवून पडली. मला फार वाईट वाटलं.

बाबा कापायला बसले. माझं कडं त्यांच्या अंगठ्यात रुतलं, कापड दुमडलं, रेघ पात्याखाली दडली. घाम गाळून त्यांनी जे बदक कापलं, ते बघून त्यांचंच तोंड उतरलं. मग कसेबसे आत गेले. "बाळा, जरा बाहेर ये. माझं बदक बघ."

ती आली. बघितलं आणि हसू आवरेना. "बाबा, हा बटाटा आहे!"

"चोच आहे की त्याला."

"कोंब आलेला बटाटा! अरे, इथून वळवायचं असतं," असं म्हणत तिने बदक उजव्या हातात धरलं आणि दाखवण्याच्या भरात मला उचललं डाव्या हाताने. काय सांगू मित्रांनो! अंगठा कड्यात अचूक बसला. मी अशी सर्रकन गेले, जशी मास्तरांच्या हातून जायचे.

तिने पुन्हा कापलं. पुन्हा सर्रकन. बाबांनी मला हातात घेतलं आणि या वेळी नीट बघितलं. "अगं, हिची पाती उलटी आहेत. ही डाव्या हाताची आहे!" मग मला टेबलावर ठेवून म्हणाले, "आणि मी तुला माकड म्हणत होतो."

"सगळ्यांसमोर म्हणायचास," ती म्हणाली. "मला खूप लागायचं, बाबा."

"चुकलंच माझं, बाळा. पुन्हा नाही म्हणणार." एवढं बोलून त्यांनी नवं कापड तिच्यापुढे सरकवलं.

मग काय विचारता! झाडाचं पान, किल्ली, कंगवा, बदक. ती कापायची, बाबा शिवायचे, टाके वाकडे गेले की ती त्यांना टोकायची. शेवटच्या पानासाठी तिने तळहात कापडावर उपडा ठेवला, बाबांनी भोवतीने खडू फिरवला आणि तो हात तिने एकटीने कापला.

मावशी आली. छोटू ताईच्या मांडीवर बसला आणि पुस्तक वाचू लागला, म्हणजे बोटांनी चाचपू लागला. किल्ली ओळखली. बदकाची चोच सापडताच खिदळला. शेवटच्या पानावर मात्र एकदम थांबला. एकेक बोट हळूहळू चाचपलं. मग ताईचा उजवा हात ओढून त्या कापडी हातावर ठेवला. अंगठा भलतीकडे गेला. "हा नाही," तो म्हणाला. मग डावा हात ओढून ठेवला, बोटावर बोट बसलं आणि तो ओरडला, "हा! ताईचा हात!"

बाबा पटकन उठून खिडकीपाशी गेले. लेकीने हात तिथून हलवलाच नाही.

आता मी खणात नसते, मऊ फडक्यात गुंडाळलेली असते. मला कागद लावत नाहीत, हात लावते ती फक्त लेक. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. कुणाच्या हाताला नावं ठेवण्याआधी, त्या हातात आपण काय दिलंय ते एकदा बघा.