बिनफवारणीचा तुकडा

गावभर त्याला अळीसाहेब म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. शेतकऱ्यांना कीड आवरायला शिकवणं हीच त्याची नोकरी. मक्याच्या पोंग्यात, शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, बोट घालून अळी अशी अलगद काढायचा, जणू पाळण्यातलं मूल उचलतोय. लोक दुकानातलं जहाल विष मारत आणि मारता मारता चक्कर येऊन बांधावर आडवे होत. त्यांनी ते सोडावं, सौम्य औषध घ्यावं, एवढ्यासाठी त्याचा सारा आटापिटा.

पण नुसतं सांगून कोण ऐकतं? दाखवावं लागतं. म्हणून शेजारी शेजारी दोन तुकडे: एकावर सौम्य औषध, दुसऱ्यावर काहीच नाही. अळीला असं आयतं रान द्यायला कोणी तयार होईना. शेवटी थोरली बहीण, अक्का, म्हणाली, "माझं घे. नाहीतरी तुझे लाड लहानपणापासून मीच पुरवलेत."

तेव्हापासून त्याला अक्काकडे जेवण गोड लागेना. खिडकीतून तो तुकडा दिसे, पानांची चाळण झालेली. अक्का वाढत राही, तोंडातून शब्द काढत नसे, आणि तेच त्याला जास्त लागे.

पाहणीच्या दिवशी लोक यायच्या आधी तो तुकड्यात शिरला आणि जागीच थबकला. पोंगे स्वच्छ. फाटकी पानं कोणीतरी खुडून नेलेली. मातीला उग्र वास.

तो तसाच स्वयंपाकघरात गेला. "अक्का, त्या तुकड्यात कोण गेलं होतं?"

"मीच," अक्का कप मांडत म्हणाली. "गेल्या आठवड्यात विष मारलं, काल पानं खुडली. तुझे वरिष्ठ यायचे, आणि माझ्या भावाच्या कामात असलं भिकार रान दाखवायचं? पाहुणे यायचे म्हटल्यावर घर झाडतोच ना आपण?"

"अगं, ते भिकारच दिसायला हवं होतं. त्याशिवाय औषधाचा गुण कळणार कसा?"

अक्काचा हात कपावरच राहिला. "मारू नको म्हणालास, तेव्हा मला वाटलं, बहिणीला खर्च नको म्हणून म्हणतोय."

साऱ्या गावाला तक्ते लावून समजावणाऱ्यानं घरच्या माणसाला एवढंही समजावलं नव्हतं. आणि बाहेर मोटरसायकली येऊन थांबल्या.

गप्प बसावं, तर लोक औषधावर हसून पुन्हा विषाकडे जाणार. खरं सांगावं, तर चारचौघांत अक्काची शोभा. दोन्हीकडून दार बंद.

एक मिशीवाला शेतकरी दोन्ही तुकडे निरखून म्हणाला, "साहेब, तुमच्या औषधापेक्षा काही न करणंच भारी दिसतंय की. बायकोला सांगतो, माझ्या आळसाला आता सरकारी शिफारस आहे."

लोक हसले. वरिष्ठ हसले नाहीत.

"हा तुकडा फवारलेला आहे," तो कसाबसा म्हणाला.

"कोणी फवारला?" वरिष्ठांनी विचारलं.

तो वाकून एक पोंगा चाचपू लागला.

"मी," मागून अक्का म्हणाली. "लोक यायचे म्हणून साफ केला. त्याचा काही दोष नाही, तो नकोच म्हणाला होता."

कोणी हसलं नाही. मिशीवाला हळूच म्हणाला, "अक्का, आमच्या घरातही हेच झालं असतं."

वरिष्ठांनी चष्मा पुसला. "मग हे सगळं बाद. पुढच्या हंगामात पहिल्यापासून. तोवर हे औषध घ्या असं कोणाला सांगता यायचं नाही. बिनफवारणीसाठी तुकडा कोण देणार?"

सगळे आपापल्या चपलांकडे बघू लागले.

"माझाच घ्या," अक्का म्हणाली. "आता मला उमगलंय. अळीनं खोडापर्यंत खाल्लं तरी हात लावायची नाही."

नको, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. देवानं अशी बहीण द्यावी आणि तिचंच रान अळीपुढे टाकायला लावावं! पण लोक बघत होते, वरिष्ठ बघत होते, अक्का तर केवढ्या हौसेनं बघत होती. त्यानं मान हलवली.

अक्का चहा आणायला वळली. आता ती शब्द पाळणार, त्या तुकड्याकडे ढुंकूनही बघणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. पुढचा सगळा हंगाम बघायचं ते त्यानं एकट्यानं.