फिरंग्याचे गोचीड

ते साल एकोणीसशे एकतीस. त्या साली पूर्व खानदेशात बुळकांडीची साथ होती, आणि गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर गावोगाव लस टोचत फिरत होते. अशा दिवसांत धरणगावची झुंबरबाई एक आजारी कुत्रा घेऊन जळगावला निघाली, याचं गावाला हसू आलं तर नवल नव्हतं.

कुत्र्याचं नाव फिरंग्या. चुडामण आबा, म्हणजे झुंबरबाईचा नवरा, कापसाच्या जिनात मुकादम होता. तिथला साहेब विलायतेला परत जाताना आपला लांब कानांचा, मऊ केसांचा कुत्रा त्याच्या हाती देऊन गेला. साहेबानं ठेवलेलं नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून तो फिरंग्या झाला. पुढं वर्षभरातच आबाला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. शेत धाकटा भाऊ कौतिक पाहू लागला आणि आबाची खाट पडवीत मागच्या भिंतीशी पडली, ती कायमचीच.

झुंबरबाईनं त्याच वर्षी आश्रमात जाऊन महानुभाव पंथाचा उपदेश घेतला. मुंगीसुद्धा मारायची नाही, पाणी गाळल्याशिवाय प्यायचं नाही. मनात एकच होतं, आपण हे नेमानं पाळलं तर हा माणूस राहील. ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

आबा तसा कुणाकडं बघत नसे. भाकरी दुधात कुस्करून भरवली तर गिळायचा, नाही भरवली तर मागायचा नाही. पण फिरंग्या खाटेवर पुढचे पाय टेकून उभा राहिला की त्याचा डावा हात हलायचा, कुत्र्याच्या कानामागं जायचा, आणि तोंडातून "फि... फि..." असा आवाज निघायचा. दिवसभरातलं तेवढंच बोलणं. झुंबरबाई त्या आवाजासाठी कामं टाकून पडवीत येई.

आणि आता फिरंग्याच खाटेखाली पडून होता. अंग तव्यासारखं तापलेलं, भाकरीला तोंड लावेना, लघवी काळ्या चहासारखी. डोळ्यांतला पांढरा भाग हळदीसारखा झालेला.

"कावीळ शे ती," जाऊ बेबाबाई म्हणाली. "पोटवर डाग दे, बठ्ठी उतरी जाई."

"माणसाले डाग देतस त्यानं माणूस बरा होस का?"

"मंग मरू दे. कुत्राच शे तो."

झुंबरबाईनं खाटेकडं पाहिलं. आबाचा डावा हात खाटेवरून खाली लोंबत होता, हवेत काहीतरी चाचपत होता. कुत्रा तिथवर उठू शकत नव्हता. सायंकाळी आबानं दूधही गिळलं नाही, ओठांवरून ते गळ्यावर ओघळलं.

"कौतिक," ती दिराला म्हणाली, "माले जळगावले जावानं शे."

"वहिनी, कुत्रासाठे जळगाव? लोके हसतीन."

"हसू दे. ढोरंना डाक्टर शे ना तठे?"

"तो बैलना शे. कुत्राना नही."

पण कौतिक कितीही बडबडला तरी वहिनीचं ऐकणारा होता. बेबाबाईला आबापाशी बसवून दोघं सकाळच्या गाडीनं निघाले. फिरंग्याला गार्डाच्या डब्यातल्या खोक्यात टाकलं होतं. झुंबरबाई प्रत्येक स्टेशनाला खाली उतरून खोक्याच्या जाळीला कान लावून येई. धाप ऐकू आली की परत चढे.

गुरांच्या दवाखान्यातले देवरे डॉक्टर नशिराबादहून नुकते परतले होते. पायजम्याला गुडघ्यापर्यंत चिखल, डोळे तांबारलेले. दवाखान्याच्या ओट्यावर बसून ते हात धूत होते, आणि किती धुतले तरी त्यांचं समाधान होत नव्हतं. कुत्रा पाहून त्यांनी नुसता श्वास सोडला.

"बाई, माझ्याकडं बैल मरताहेत."

"मन्हाकडे माणूस शे," झुंबरबाई म्हणाली. आणि मग तिनं सगळं सांगितलं. खाट, हात, फि-फि. डॉक्टरांनी टॉवेल खांद्यावर टाकला.

"अक्का, मी बी धुळाकडला शे, तुमनी बोली माले समजस. आना त्याले आठे."

त्यांनी कुत्र्याचा ओठ उचलून हिरडीवर बोट दाबलं. हिरडी कागदासारखी पांढरी. पोट चाचपलं, पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली. मग त्यांनी लांब कान उलटा केला आणि थांबले. कानाच्या आत, घडीघडीत, एरंडाच्या बियांसारखे टपोरे गोचीड चिकटले होते. कौतिकनं तोंड फिरवलं.

कानाच्या टोकाला सुई टोचून त्यांनी रक्ताचा थेंब काचेवर पसरला, वाळवला, रंग घातला, आणि सूक्ष्मदर्शक यंत्राच्या नळीला डोळा लावला. बराच वेळ ते तसेच वाकून राहिले. झुंबरबाईला वाटलं, झोपले की काय.

"बघा," ते बाजूला होत म्हणाले.

तिला आधी काहीच दिसेना. मग गुलाबी टिकल्या दिसल्या, पुष्कळ, आणि काही टिकल्यांच्या पोटात जांभळे थेंब, टोकाला टोक लावून जोडीजोडीनं बसलेले.

"गोचीड रक्त पितो आणि हे त्याच्या तोंडातून आत सोडतो. ते रक्ताची टिकली फोडून बाहेर पडतात, दुसरीत शिरतात. म्हणून हा पांढरा पडला, म्हणून लघवी काळी. कावीळ नाही ही. गावठी कुत्री पुष्कळदा हे पचवतात, हा बाहेरच्या रक्ताचा."

"या बी जीवच शेतस ना?" झुंबरबाईनं नळीवरून डोळा न काढता विचारलं.

"शेतस."

"मंग तुम्ही यास्ले मारशात?"

डॉक्टरांनी कपाळ चोळलं. "औषध मारी. मी टोचसू."

तिनं नळीवरचा डोळा काढला आणि ती बाजूला सरकली. डॉक्टरांनी तो होकार मानला. औषध धुण्याच्या निळीसारखं निळं होतं. कौतिकनं कुत्र्याला धरलं आणि डॉक्टरांनी पायाच्या शिरेतून ते अगदी हळूहळू सोडलं. "दोन दिवसांत ताप उतरला तर वाचला. अंगाला निळा रंग येईल, घाबरायचं नाही." मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "घरी गोचीड काढता की नाही?"

"रोज काढस," झुंबरबाई ताठ होऊन म्हणाली. "हाऊ पडना म्हनीसन आते ऱ्हायनात. तेल लाईसन, एकेक. करवंटीमा ठेवस आन मांगनी भीतना बुडखाले सोडी येस. मारत नही मी. उपदेश लियेल शे."

डॉक्टर टॉवेलला हात पुसत होते, ते थांबले.

"मागची भिंत म्हणजे पडवीची?"

"हो."

"तिच्या आतल्या अंगाला आबांची खाट?"

"हो."

ते रागावले नाहीत, त्यासाठी लागणारी ताकदच त्यांच्यात उरली नव्हती. "अक्का, फुगलेली मादी रक्त पिऊन आपण होऊनच गळून पडते आणि भिंतीची फट शोधते. तिथं हजारो अंडी घालते. तुम्ही तिला उचलून दारापर्यंत पोचवत होता. आता सुईनं हा उठेल, पण भिंत तशीच राहिली तर पुन्हा पडेल, आणि दर वेळेला उठेलच असं नाही. काढलेले गोचीड घासलेटात टाका. भिंत शेकून काढा आणि चुन्यानं लिंपा."

परतीच्या गाडीत प्रत्येक स्टेशनाला कौतिकच उतरून खोक्याला कान लावून आला.

तिसऱ्या दिवशी फिरंग्या उठला. हिरड्या निळ्या, जीभ निळसर, डोळ्यांचे काठही निळे. बेबाबाई किंचाळली, "साप चावना का त्याले?" गल्लीतली बायामाणसं पाहायला आली. फिरंग्यानं खाटेवर पाय टेकले, आबाच्या तोंडाशी निळी जीभ काढली, आणि आबा हसला. वाकड्या तोंडातून, घशातून, पण हसला. झुंबरबाई चुलीमागं जाऊन बसली आणि पदरानं डोळे पुसत राहिली.

पण भिंतीला तिनं हात लावला नाही.

"मी जाळस," कौतिक म्हणाला. "तुन्हा हात नको. तू आश्रममा जाय, परत येशीन तवलोंग व्हयेल ऱ्हाई."

"तुले सांगीसन कराव, आन मी सुटनू म्हनाव?"

"मंग काय भीतले पूजशी?"

भिंत तशीच राहिली. गोचीड मात्र ती आता लांब, नाल्याकाठी नेऊन सोडू लागली. तेवढ्यानं भागेल असं तिनं स्वतःला पटवलं होतं. भिंतीत आधीचे होतेच, आणि फिरंग्याच्या कानात रोज नवे सापडत होते. थोड्याच दिवसांत त्यानं पुन्हा भाकरी अर्धी टाकली.

त्याच दुपारी ती आबाचं अंग पुसत होती. डावा हात, छाती, मग उजवा हात. उजवा हात तिला नेहमी जड वाटे, ओल्या लाकडासारखा. तो उचलून काखेत फडकं फिरवलं तर बोटाला काहीतरी गुळगुळीत लागलं. करड्या रंगाचा, टच्च फुगलेला गोचीड. कधीपासून बसला होता कोण जाणे. त्या बाजूला आबाला काहीच कळत नव्हतं. तो तिच्याकडं नेहमीसारखा बघत होता.

झुंबरबाईनं तेल लावून गोचीड सोडवला. तळहातावर घेतला. त्याचे बारीक पाय हलत होते. ती तशीच उठली, चिमणीतलं घासलेट वाटीत ओतलं आणि त्यात तो टाकला. बुडबुडा आला नाही, काही झालं नाही. पाय हलायचे थांबले.

मग तिनं कौतिकला हाक मारली, पण फक्त आबाची खाट अंगणात न्यायला. कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या मशाली तिनंच बांधल्या. पदर कमरेला खोचून ती भिंतीच्या एकेका फटीशी ज्वाळा धरत गेली. आत बारीक तडतड होत होती, मोहरी फोडणीत पडावी तशी. बेबाबाई कानांवर हात ठेवून लांब उभी होती. कौतिक मशाल घ्यायला पुढं आला तर झुंबरबाईनं त्याला कोपरानं मागं सारलं. फटी चुन्यानं भरल्या, वरून पांढऱ्या मातीचा जाड हात दिला. अंगणातून आबा बघत होता, त्याच्या हाताखाली फिरंग्या. संध्याकाळी तिनं विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं आणि जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी कौतिक फिरंग्याला एकटाच जळगावला नेऊन दुसरी सुई टोचून आला. लोक हसले की नाही, ते त्यानं सांगितलं नाही.

झुंबरबाई आता वाट पाहत होती. नेम मोडला, म्हणजे आता आबा जाणार. आबाला उचकी लागली तरी ती धावत येई. पण आबा गेला नाही. पुढं चार पावसाळे त्यानं पाहिले, आणि गेला तो झोपेत, कुठल्याही पापाशी जोडता येऊ नये इतका सावकाश. फिरंग्या त्याच्यामागं दोन वर्षं जगला, म्हातारा होऊन, दात पडून. त्याला पुन्हा तो ताप आला नाही.

देवरे डॉक्टरांची बदली धुळ्याला झाली. बुळकांडीच्या पुढच्या साथीत त्यांची स्वतःचीच तब्येत ढासळली. नोकरी सोडून ते धुळ्यातच राहिले, आणि म्हणतात, शेवटपर्यंत हात फार वेळ धूत असत. कौतिकनं केळीची बाग लावली, ती चांगली आली. बेबाबाई सगळ्यांत जास्त जगली आणि निळ्या कुत्र्याची गोष्ट आपणच त्याला वाचवल्यासारखी सांगत राहिली.

झुंबरबाईनं आश्रमात जाऊन सगळं सांगितलं. तिला प्रायश्चित्त दिलं, ते तिनं पुरं केलं, आणि मोकळी झालीस असंही सांगितलं गेलं. तरी त्या दिवसापासून ती पुढं बसली नाही. उंबऱ्यापाशी बसे. कुणी आग्रह केला तर म्हणे, "आठेच बरं शे."

स्वातंत्र्य आलं त्या ऑगस्टात शाळेपुढं झेंडा लागला तेव्हा तीही गेली होती, काठी टेकत. गर्दीत कुणाचं तरी कुत्रं तिच्या पायाशी येऊन बसलं. तिची बोटं आपोआप त्याच्या कानामागं गेली, घडीत शिरली, आणि तिनं एक गोचीड ओढून काढला. सगळे वर बघत होते. ती चिमटीतल्या त्या जिवाकडं बघत उभी राहिली, आणि झेंडा वर जाऊन लोक पांगले तरी तिची चिमूट ना आवळली होती, ना सुटली होती.