शालूबाईंच्या अंगणातला शिंगवाला

रूपालीचा पाय कुठं ठरत नव्हता. कोल्हापूरहून निघालेल्या एसटीत बसायला जागा असून ती निम्मा रस्ता दाराशी उभी होती.

आणि हे सगळं एका शेणकिड्यापायी! बोटाच्या पेराएवढा, काळाकुळकुळीत, पोटाखाली तांबूस लव, नराच्या डोक्यावर मागं वळलेलं एकच शिंग. पुस्तकांत त्याचा मुलूख दक्षिणेत, गोव्याच्या खालीच संपतो. गेल्या साली तिला नेसरीत, शालूबाईंच्या गोठ्यामागं एक मेलेला सापडला. प्रबंधाचे मार्गदर्शक सर म्हणाले, "खताच्या ट्रॅक्टरमधून आला असेल. जिवंत, जागेवर असलेल्याचा व्हिडिओ आण, मग बोल." सोमवारी प्रबंध द्यायचा होता. तीन वर्षांची मेहनत त्या शिंगाला अडकलेली.

म्हणून तिनं फोनवर विनवलं होतं, "मावशी, गोठ्यामागचं शेण पंधरा दिवस उचलू नका." शालूबाई "व्हय व्हय" म्हणाल्याही होत्या. आता नेसरीत उतरून बघते तर गोठ्यामागं लख्ख झाडलेलं!

"मावशी, शेण कुठाय?"

"आवं, कालेजातल्या म्याडम येणार, आन् मागं उकिरडा दिसू दे व्हय? रानात टाकलं. उरल्यालं सारवायला घेतलं. उद्या घट बसायचं हाईत न्हवं?"

रूपालीला रडूच यायचं बाकी राहिलं. तिच्याच मानापायी झालेल्या कामावर चिडायचं तरी कसं? ती अंगणात येरझाऱ्या घालू लागली.

"बसा की, च्या टाकतो. आधीच त्या मेल्या किड्यानं वात आणलाय. सांजचं सारवावं, सकाळी भोकं हाईतच."

रूपाली थबकली. तुळशीजवळ चार भोकं, प्रत्येकाशी ताज्या मातीचा छोटा ढीग. मघाशी ती दोनदा त्यांना ओलांडून गेली होती.

"मावशी, उकरू?"

शालूबाईंनी सारवलेल्या अंगणाकडं पाहिलं. मग आतून खुरपं आणलं.

वीतभर खाली शेणाचा गोळा लागला, आणि त्याला बिलगलेला तो. शिंगासकट, वळवळत. रूपालीनं व्हिडिओ घेतला आणि किडे मारून ठेवायच्या औषधाच्या बाटलीचं झाकण उघडलं.

"ह्यो भाईरचा हाय, का आमचाच?"

"तुमचाच, मावशी."

"मग नेता कशाला?"

रूपालीचा हात थांबला. व्हिडिओ झाला होता. मेलेला एक पेटीत होताच. तिनं झाकण लावलं, किडा भोकाशी ठेवला, आणि सकाळपासून पहिल्यांदा निवांत बसून चहा मागितला.