पिसवांचं बिऱ्हाड

“या घरात एकतर हा कुत्रा राहील, नाहीतर मी,” काकू झाडूच्या मुठीनं पोटरी खाजवत म्हणाली. “पिसवांनी अंगाची चाळण केलीय माझ्या.”

शेळ्या सोडायला निघालेले तात्या दारातच थबकले. कुत्र्याचं नाव ढेकळ्या. रंग मातीचा, अक्कलही बेताचीच. पण दिवसभर रानात बोलायला तात्यांना तेवढाच एक जीव होता. घरात ते ऐकायचे आणि रानात ढेकळ्या ऐकायचा.

“अगं, खाटेखाली पडून असतो बिचारा. कुणाच्या अध्यात ना मध्यात.”

“तोच आणतो पिसवा. आजच्या आज माझ्या भावाकडं पोचवा.”

काकूपुढं तात्यांची डाळ कधी शिजली होती? ओढ्यापलीकडं मेहुण्याच्या खळ्यावर ढेकळ्याला बांधून ते परतले, तेव्हा त्यांना घास गोड लागेना.

पिसवांचीही उपासमार सुरू झाली. मग त्या काकूवर तुटून पडल्या. चुलीपुढं बसलेली बाई मधूनच टुणकन उडायची. तात्यांनाही कडकडून चावत होत्या, पण ते मुद्दाम खाजवत नव्हते. हिची जिरू दे, एवढंच त्यांच्या मनात.

अशात आजारी शेळी बघायला गुरांचा डॉक्टर आला. खाटेवर टेकला आणि लगेच उठून विजार झटकायला लागला.

“मावशी, पिसवा कुत्र्यावर जेवायला जातात. त्यांची अंडी, अळ्या सगळं इथंच, जमिनीच्या भेगांत, धुळीत, गोधडीत. आधी घर झाडा, गोधड्या उकळा, मग कुत्र्याला औषध लावा.”

“म्हणजे इतके दिवस त्याला खात होत्या?”

“आणि आता तुम्हाला.”

काकूनं पदर खोचला. झाडणं-उकळणं उद्या बघू, आधी कुत्रा, म्हणत ती तडक ओढ्यापलीकडं गेली. दिवस मावळायला ढेकळ्याला ओढत आणून तिनं दारात उभं केलं.

“जा राजा, बस तुझ्या जागी.”

ढेकळ्यानं उंबऱ्यावरून आतला वास घेतला, कान खाजवला आणि मागं फिरून अंगणात बैलगाडीखाली अंग टाकलं. काकूनं दूध दाखवलं, लाडीगोडी लावली. पठ्ठ्या जागचा हलला नाही.

तात्यांचे डोळे भरून आले. त्यांनी गाडीवरचं रिकामं पोतं ओढलं आणि त्याच्या शेजारी आडवे झाले. काकू दारात बराच वेळ खाजवत उभी राहिली.

“सरका जरा,” शेवटी ती म्हणाली.

तात्यांनी ढेकळ्याला ढकललं.

“त्याला झोपू द्या. तुम्ही सरका.”