बर्फाचा खडा

मिस्त्रींच्या छातीच्या ऑपरेशनला तिसरा दिवस होता. उजव्या फुप्फुसातली गाठ काढली होती, बरगड्यांमध्ये वीतभर चीर होती, आणि माणूस हूं की चूं करत नव्हता.

"काका, किती दुखतंय? शून्य ते दहा?" वॉर्डातल्या नर्सने विचारलं.

"शून्य."

पलंगाशेजारी बसलेल्या सुनेने मान वर केली. तीही याच हॉस्पिटलात नर्स होती. ऑपरेशन झालेल्यांचं दुखणं आटोक्यात ठेवणं, एवढंच तिचं काम. लग्नानंतर मिस्त्रींना ते कळलं तेव्हा ते हसले होते. "म्हणजे 'दुखतं का हो' विचारत हिंडायचं? ही कसली नोकरी?" चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. परांचीवरून पडून मनगट मोडलं, तरी हातातली भिंत पुरी करूनच घरी आला होता. दुखणी अंगावर काढण्यातच हयात गेली.

पण सून त्यांचा श्वास बघत होती. वरच्या वर, तोकडा. उजवा खांदा आखडलेला. सकाळपासून एकदाही खोकले नव्हते. खोकला नाही म्हणजे कफ आत साठणार, आणि मग न्यूमोनिया.

तिने त्यांच्या छातीशी उशी दिली. "बाबा, ही घट्ट धरा आणि खोकून दाखवा."

"कशाला? मी ठीक आहे."

"ठीक आहात ना, मग खोका."

ते खोकायला गेले आणि अर्ध्यावरच थांबले. कपाळावर घाम फुटला, डोळे भरून आले.

"आता किती?"

त्यांनी तिला खुणेने जवळ बोलावलं. मग पुटपुटले, "नऊ. घरात कुणाला सांगू नकोस."

"बाबा, मी घरातलीच आहे."

त्यांच्या पाठीत, कण्याशेजारी, एक बारीक नळी बसवली होती. तिच्यातून बधिर करणारं औषध जायचं. यंत्र चालू होतं, त्यामुळे कुणाला शंका आली नव्हती. सुनेने बर्फाचा खडा आणला आणि गारवा ओळखता यावा म्हणून आधी गालाला लावला, मग चिरेच्या वर, मग खाली.

"इथे गार लागतं?"

"लागतंच की! बर्फच तो."

तिने लगेच फोन लावला. औषध पोचत असतं, तर तिथे गार लागलंच नसतं.

भूल देणारे डॉक्टर घाईघाईत आले. "यंत्र चालू आहे, पेशंट शून्य सांगतोय. सासरे आहेत म्हणून तुझा जीव खालीवर होतोय."

"पाठीवरची पट्टी उघडून बघा, डॉक्टर," ती शांतपणे म्हणाली. "चुकले असेन तर सगळ्यांसमोर तसं म्हणेन."

पट्टी उघडली. नळी चार बोटं बाहेर सरकली होती आणि औषध कापसात मुरत होतं. डॉक्टरांनी एकदा नळीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "तुझं बरोबर आहे," ते म्हणाले आणि नवी नळी बसवायच्या तयारीला लागले.

तासाभराने तिने पुन्हा बर्फ लावला. "गार लागतच नाही गं," मिस्त्री चकित होऊन म्हणाले. उशी छातीशी धरून ते खोकले, पोटातून, खणखणीत. तिसऱ्या खोकल्याला कफ सुटला.

"तीन," ते आपणहून म्हणाले. "शपथेवर."

संध्याकाळी तिचा हात धरून ते वॉर्डाच्या टोकापर्यंत चालून आले.

दुसऱ्या दिवशी राउंडला डॉक्टरांनी वॉर्डातल्या सगळ्या नर्सना गोळा केलं. "यापुढे दुखणं विचारायचं ते खोकायला लावून. आणि बर्फाने कसं तपासायचं, ते ही शिकवेल." सून पुढे झाली. एवढ्यांसमोर बोलायची तिची पहिलीच वेळ, पण आवाज जराही कापला नाही.

मिस्त्रींनी शेजारच्या पलंगावरच्या माणसाला हाक मारली, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी. "बघितलं का? आमची सून! भिंत वरून सगळ्यांना कोरडी दिसते हो. आत ओल कुठे धरलीय ते हात लावून सांगणारा कारागीर लाखात एखादाच."

सुनेने ऐकलं. चेहरा फुलू नये म्हणून तिने ओठ घट्ट मिटले, पण ते काही केल्या ऐकेनात. शेवटी ती मोकळेपणी हसली आणि शिकवणं पुढे चालू ठेवलं.