चिकाचा डाग पडलेली चादर

मी एक जुनी चादर आहे. पलंगावरची नव्हे हं, टेबलावरची! तेवढा फरक मित्रांनो लक्षात ठेवा, कारण तो मला फार महत्त्वाचा वाटतो.

वसईतल्या एका गावात, केळीच्या वाडीला लागून असलेल्या घरात मी राहते. व्हेरोनिका नावाच्या एका आईने लेकीच्या लग्नासाठी मला तयार केलं. साधं पांढरं कापड होते मी. तिने दोन पावसाळे खिडकीत बसून माझ्या चारही कडांना क्रोशाची लेस विणली. तिची सुई चाले आणि मी अर्धवट झोपेत तिचं गुणगुणणं ऐके. अजूनही डोळा लागला की मला ती खिडकी दिसते.

लेकीचं नाव क्लेमेंटीन. तिच्याबरोबर मी या घरी आले, तिच्या नवऱ्याच्या, फ्रान्सिसच्या. नाताळ असो, बाप्तिस्मा असो, माझ्याशिवाय पान हलत नसे. एकदा तर खुद्द फादर म्हणाले, "काय सुंदर लेस आहे!" त्यानंतर आठवडाभर माझा पाय जमिनीवर नव्हता. तसा मला पायच नाही म्हणा.

मग कधीतरी बाजारातून प्लास्टिकचं कापड आलं. त्यावर सफरचंदं छापलेली. आमच्या वाडीत सफरचंद कधी पिकलंय का? पण पुसलं की स्वच्छ, म्हणून ते टेबलावर आणि मी कपाटात, डांबराच्या गोळ्यांच्या शेजारी! वर्षं गेली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मी झोपायला शिकले. स्वप्नात मी टेबलभर पसरलेली असे, केळीच्या पानांतून आलेलं हिरवं ऊन अंगावर घेत.

एका रविवारी सकाळी कपाट उघडलं. क्लेमेंटीनने मला छातीशी धरलं. मग तिने इस्त्री तापत ठेवली.

कारण तसंच होतं. तिची लेक लविना हिला जितेशशी लग्न करायचं होतं. जितेश विरारच्या मनवेलपाड्यातला. त्याची आई मनोरमाबाई माळकरी, मांस-मासळीला न शिवणाऱ्या. त्या जितेशला म्हणाल्या होत्या, "आधी त्यांच्या घरी जेवून येते, मग काय ते सांगते." म्हणजे लविनाच्या लग्नाचा निकाल त्या दिवशी माझ्या अंगावर लागणार होता!

क्लेमेंटीनने कच्च्या केळ्यांची भाजी केली, वालाचं बिरडं केलं. लविनाने मोबाइलवर बघून कागदी रुमालांची बदकं केली. ती बदकं सारखी एका कुशीवर पडत होती. सगळं मांडून झालं आणि फ्रान्सिस एकदम म्हणाला, "आपल्या ताटांतून आपण मटण खातो. बाईंना चालायचं नाही. थांबा!"

तो कोयता घेऊन वाडीत धावला आणि पाच पानं कापून घेऊन आला. तेवढ्यात मनोरमाबाई आणि जितेशची रिक्षा दारात थांबली. क्लेमेंटीन ओरडली, "अहो, देठ पुसा आधी!" पण त्याने भराभर ताटं उचलली, पानं मांडली आणि स्वागताला पळाला.

मित्रांनो, केळीचा ताजा चीक पाण्यासारखा असतो. दिसत नाही. पण तो माझ्या अंगात मुरत होता, गार गार. मला ओरडताही येईना!

जेवण सुरू झालं. इतकं गप्प जेवण मी जन्मात पाहिलं नव्हतं. सगळे शाळेतल्यासारखं शुद्ध बोलत होते. "आपण भात घ्यावा." "नको, पुरे." मनोरमाबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या, आत्ता उठून जातील अशा. लविना पानातला भात नुसता इकडून तिकडे सारत होती.

जेवण संपलं. सवयीप्रमाणे मनोरमाबाईंनी आपलं पान दुमडलं आणि उचललं. खाली, अगदी लेसेजवळ, हातभर तांबूस डाग!

"अगोबाई! माझ्याकडून सांडलं की काय?" त्यांचा चेहरा पार उतरला.

क्लेमेंटीन माझ्याकडे बघत राहिली. तिच्या आईची एवढीच वस्तू तिच्याकडे उरली होती. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण ती चटकन म्हणाली, "नाही हो, तुमच्याकडून काही नाही सांडलं. चीक आहे. चाळीस वर्षं केळी लावतायत हे, आणि देठ पुसायचं कळत नाही!"

"घाई झाली गं," फ्रान्सिस पुटपुटला. "म्हटलं, आपली ताटं बाईंना चालतील, न चालतील..."

"ताटांचं मी कधी म्हटलं होतं?" मनोरमाबाई म्हणाल्या. "मी मांस खात नाही, एवढंच." मग त्यांनी डागावरून हळूच बोट फिरवलं आणि त्यांना हसू फुटलं. "आमचे हेसुद्धा अस्सेच होते हो! लग्नाच्या दिवशी केळीचे खांब बांधायला गेले आणि धोतरावर चीक पाडून घेतला. तस्सेच उभे राहिले बोहल्यावर! सासूबाई मरेपर्यंत बोलत होत्या."

क्लेमेंटीनही हसली. डोळे पुसत हसली. मनोरमाबाई खुर्चीत आता नीट, मागे टेकून बसल्या.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या, "लाजून लाजून माझं पोटच भरलं नाही. थोडा ताकभात वाढा. आणि पान नको आता, तुमच्याच ताटात वाढा."

विहीणबाई! लविना ताट आणायला आत पळाली, ती रडतच बाहेर आली.

नंतर मला लिंबू लावलं, उन्हात टाकलं, दगडावर आपटलं. चिकाचा डाग तो, जातोय कुठला? काळा पडून बसला. आता आपलं पायपुसणं होणार, या भीतीने मी कपाटात झोपलेच नाही.

पण नाताळला मला पुन्हा काढलं. लग्न झालेली लविना माहेरी आली होती. तिने फुलदाणी आणून डागावर ठेवली. क्लेमेंटीनने ती उचलून बाजूला केली.

"झाकू नकोस," ती म्हणाली. "ती मनोरमाबाईंची जागा आहे. खुर्ची इथेच लाव."

तेव्हापासून मी रविवारीसुद्धा टेबलावर असते. सफरचंदं कपाटात गेली.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखी कुणीतरी घडी होऊन पडली असेल. पाहुणे येतील तेव्हा तिला बाहेर काढा. पान मांडाल तर देठ तेवढा पुसून मांडा. पण एखादा फ्रान्सिस घाईत विसरलाच, तर त्याला फार रागावू नका.