तिसरं वर्तुळ

चार आठवडे झाले तरी थोरल्या नणंदेनं लपवलेला डबा कुणालाच सापडला नव्हता, आणि त्याचा तिला भारी अभिमान होता.

ती कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. छंद जिओकॅशिंगचा. कुठंतरी छोटा डबा लपवायचा, वेबसाइटवर कोडं टाकायचं. अनोळखी लोकांनी ते सोडवून डबा हुडकायचा आणि आतल्या वहीत सही करायची. या वेळचा विषय होता प्रकाशाचा वेग. वाचनालयाची पायरी, पाण्याची टाकी आणि पादचारी पुलावरचा दिवा. तिथून डब्यापर्यंत पोचायला प्रकाशाला लागणारा वेळ अनुक्रमे चारशे, तीनशे आणि हजार नॅनोसेकंद. बस, एवढंच.

"हे तुझ्यासाठी नाही गं," रविवारी जेवताना ती भावजयीला म्हणाली. "यात गणित आहे."

भावजयीचं शिवणकामाचं दुकान होतं. "गणित मला रोज लागतं, ताई. नॅनोसेकंद म्हणजे किती तेवढं सांगा, बाकीचं मी बघते."

"सेकंदाचा अब्जावा भाग. तेवढ्यात प्रकाश फूटभर जातो. तीस सेंटिमीटर धर."

सोमवारी भावजयीनं कापणीच्या टेबलावर त्या भागाचा मोठा नकाशा पसरला. दहा मीटरला एक सेंटिमीटर. टाचणी, दोरा, खडू. गोल घेराचा झगा आखावा तशी तिनं वर्तुळं मारली. बारा सेंटिमीटरचं, नऊचं, तीसचं. पहिली दोन एकमेकांना दोन जागी छेदत होती: एक बागेत, एक पोस्टाच्या छपरावर. तिसरं मात्र भलतीकडेच.

पुन्हा आखलं. तेच.

आपला हात चुकला असेल, असं तिच्या मनातही आलं नाही. पंचवीस वर्षांत तिचा घेर कधी चुकला नव्हता. तिनं कोड्याचं पान शांतपणे पुन्हा वाचलं. तळाशी नणंदेनं मोठ्या ऐटीत लिहिलं होतं: पहिली दोन अंतरं टेपनं मोजली. तिसऱ्याच्या वाटेत रहदारीचा रस्ता, म्हणून तो वेळ प्रयोगशाळेतल्या यंत्रानं मोजला. पुलावरून प्रकाश सोडला, डब्यापाशी आरसा ठेवला आणि प्रकाश परत येताच वेळ टिपला.

भावजय एवढ्या जोरात हसली की माप द्यायला आलेली बाई दचकली.

तीसचे पंधरा केले. वर्तुळ थेट बागेतल्या बिंदूवरून गेलं.

दुपारी दुकान बंद करून ती बागेत पोचली. लोखंडी बाकाखाली चुंबकानं चिकटवलेला डबा होता. कोऱ्या वहीत पहिली सही ठोकून तिनं फोन लावला.

"ताई, डबा माझ्या हातात आहे."

"काहीतरीच! कसा काय?"

"तुमचा प्रकाश जाऊन परत आला. तुम्ही दोन्ही फेऱ्यांचा वेळ लिहिलात. निम्मा करायचा राहिला."

"शक्यच नाही. वीस वर्षं मी हेच शिकवते..." पलीकडे कागद सळसळले. "अगं बाई! आणि मी महिनाभर लोकांचीच अक्कल काढतेय."

त्याच संध्याकाळी तिनं दुरुस्ती टाकली आणि चूक भावजयीनं पकडली, हेही स्पष्ट लिहिलं. शनिवारपर्यंत वहीत अकरा सह्या झाल्या.

पुढच्या आठवड्यात नणंद दुकानात आली, स्टूल ओढून बसली आणि नवं कोडं पुढं सरकवलं.

"टाकायच्या आधी बघून दे. चुकलं असेल तर तोंडावर सांग."

"सांगणारच," भावजय म्हणाली, आणि अर्धवट कापलेली बाही बाजूला सारून तिनं कागद टेबलावर सरळ केला.